स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरची जात

"कामाला बाई पाहिजे" या तीन शब्दांमागे चौथा शब्द नेहमी दडलेला असतो. कोणती? पोळ्या लाटणारी हवी की केरफरशी करणारी, एक वेळची हवी की दोन वेळची, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव ऐकून समाधान झाले नाही तर लगेच दुसरा, "म्हणजे तुम्ही नेमके कोण?" विचारणाऱ्याच्या तोंडी हा प्रश्न अगदी सहज येतो. ज्या बाईला तो विचारला जातो तिच्या पोटात मात्र गोळा उठतो.

आमचे हडपसर आता गाव राहिलेले नाही. सोलापूर रस्त्यावरची औद्योगिक वसाहत आणि मुंढव्याकडचे कारखाने यांच्या आधाराने हे उपनगर वाढले. दुष्काळाने देशोधडीला लागलेली सोलापूर-मराठवाड्याकडची माणसे इथे आली, रामटेकडी आणि वैदुवाडीत पत्रे ठोकून राहिली. पुढे शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली. मग अमनोरा आली, फुरसुंगीच्या बाजूला आयटी पार्क आले, आणि त्यांच्याबरोबर बंगाली, तमिळ, मल्याळी, ओडिया, मारवाडी, पंजाबी अशी देशभरातली कुटुंबे आली. एका मजल्यावर चार दारे आणि चार तऱ्हांची स्वयंपाकघरे. एका घरात सकाळी मोहरीच्या तेलात मासा तळतात. शेजारच्या घरात कांदा-लसूण तर सोडाच, बटाटासुद्धा येत नाही आणि दिवस मावळल्यावर चूल पेटत नाही. तिसऱ्या घरी इडलीचे पीठ आंबवायचे असते, तर चौथ्या घरी रमजानात सहेरीची तयारी आदल्या रात्रीच उरकून ठेवावी लागते.

या चारही घरांत पुष्कळदा एकच बाई काम करते. कोणत्या घरी कोणती कढई वापरायची, कुठल्या घरचा चमचा कुठल्या भांड्यात जाता कामा नये, कुणाकडे एकादशी, कुणाकडे पर्युषण, कुणाकडे शुक्रवार, हे सगळे तिच्या डोक्यात पक्के असते. मराठीखेरीज कामापुरती हिंदी ती शिकलेली असते आणि बंगाली आजीबाईचे "कम झाल" तिला बरोबर कळते. कंपनीत काम करणाऱ्या साहेबाला निरनिराळ्या संस्कृतींच्या लोकांत कसे वागावे याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळते, वर प्रमाणपत्र मिळते. चौथी नापास बाई तेच काम रोज पहाटेपासून करते आणि तिला म्हणतात, "काय, धुणीभांडीच तर करते!"

मग अशा घरांना "आमच्या घराला साजेशी बाई हवी" असे वाटले तर त्यात चूक काय, असे कुणी विचारील. चूक काहीच नाही. पण साजेशी म्हणजे काय ते आधी ठरवू. आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही, मांसाहार करायचा असेल तर भांडी वेगळी, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी हातपाय धुवायचे, आजींना मऊ भात लागतो. या कामाच्या अटी झाल्या. त्या घातल्या पाहिजेत, स्पष्ट घातल्या पाहिजेत, आणि त्या कुठलीही बाई शिकू शकते. बाई अमुक जातीची असावी, तमुक धर्माची नसावी, अमुक वस्तीतली नको, ही कामाची अट नव्हे. ही जन्माची अट आहे. जन्म शिकून बदलता येत नाही. आपल्याकडे या दोन अटींची इतकी बेमालूम भेसळ झाली आहे की "शुद्ध शाकाहारी स्वयंपाकीण" म्हटले की लोक मनातल्या मनात जात वाचतात. "ब्राह्मण स्वयंपाकीण पाहिजे" अशा छोट्या जाहिराती पुणेकरांनी वर्षानुवर्षे वाचल्या आहेत आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही.

याचा परिणाम काय होतो तो आमच्या वस्त्यांत येऊन पाहा. मी वकिली करते, त्यामुळे बायका घटस्फोटाचे, पोटगीचे, पगार बुडवल्याचे प्रश्न घेऊन येतात आणि बोलता बोलता दुसरेच काही सांगून जातात. घरात कुंकू न लावणारी बौद्ध बाई सोसायटीच्या गेटजवळ आल्यावर पिशवीतून टिकलीचे पाकीट काढते. मोबाईलवर बाबासाहेबांचे गाणे लावलेली मुलगी कामावर जाताना रिंगटोन बदलते. आडनाव विचारले तर गावाच्या नावाला "कर" लावून सांगायचे. १४ एप्रिलला सुट्टी हवी असेल तर "गावाला जत्रा आहे" म्हणायचे. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला जायचे असेल तर "पोराला ताप आहे" सांगायचे, कारण त्याच्या आदल्या रात्री मॅडमकडे पार्टी झालेली असते आणि भांड्यांचा ढीग वाट पाहत असतो. आपल्या इतिहासातल्या सर्वांत अभिमानाच्या दिवशी आपल्याच लेकराच्या आजारपणाचे खोटे बोलावे लागते, याहून मोठी कुचंबणा कोणती?

सय्यदनगरच्या मुस्लिम बायकांची कथा वेगळी नाही. तिथे आडनाव नव्हे, पहिले नावच बदलावे लागते. याच हडपसरमध्ये २ जून २०१४ रोजी एका तरुण मुस्लिम संगणक अभियंत्याची जमावाने हत्या केली होती. त्या रात्रीनंतर नाव लपवणाऱ्या बाईला "खोटारडी" म्हणण्याआधी माणसाने दोनदा विचार करावा.

ओळख लपवण्याची पाळी शिकल्यासवरल्यावर टळते असेही नाही. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले तेव्हा ते कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि लंडनमध्ये अभ्यास करून आलेले होते. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर पारशी नाव घेऊन पारशांच्या विश्रामगृहात राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा असे त्यांना बजावले गेले. त्या जमावाची तक्रार काय होती? आम्हाला फसवले. आमची जागा बाटवली. हे शब्द नीट लक्षात ठेवा, कारण बरोबर शंभर वर्षांनी ते पुण्याच्या पोलीस ठाण्यात पुन्हा उच्चारले गेले.

सप्टेंबर २०१७. हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ महिला शास्त्रज्ञाने सिंहगड रस्ता पोलीस ठाण्यात आपल्या स्वयंपाकीणबाईविरुद्ध तक्रार दिली. घरात गौरी-गणपती आणि आईवडिलांचे श्राद्ध यांच्या सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी ब्राह्मण सुवासिनी हवी होती. कामाला आलेल्या बाईने आपण तशा आहोत असे भासवले, प्रत्यक्षात ती ब्राह्मण नव्हती आणि सुवासिनीही नव्हती, त्यामुळे आमच्या धार्मिक भावना दुखावल्या, अशी ती तक्रार. पोलिसांनी भारतीय दंड विधानाच्या ४१९, ३५२ आणि ५०४ या कलमांखाली गुन्हा नोंदवला. ४१९ म्हणजे तोतयेगिरी करून फसवणूक. आरोपी बाईने आरोप नाकारले. राज्यभर संताप उसळला, निदर्शने झाली आणि काही दिवसांतच तक्रार मागे घेण्यात आली. माघारीमुळे खरा कायदेशीर प्रश्न न्यायालयात तडीस गेलाच नाही. तो प्रश्न असा : जात लपवणे ही फसवणूक होते काय?

फसवणुकीची व्याख्या साधी आहे. खोटे सांगून एखाद्याला मालमत्ता द्यायला लावले, किंवा त्याच्याकडून असे काही करवून घेतले की ज्यामुळे त्याच्या शरीराला, मनाला, प्रतिष्ठेला किंवा मालमत्तेला हानी पोचली, तर ती फसवणूक. आता हिशोब मांडा. बाईने पगार घेतला, बदल्यात स्वयंपाक केला. जेवणाऱ्यांनी तो खाल्ला, कुणी आजारी पडले नाही. वरणात मीठ जास्त पडल्याचीही तक्रार नव्हती. म्हणजे शरीर शाबूत, मालमत्ता शाबूत. राहिले मन आणि प्रतिष्ठा. ब्राह्मणेतर हाताने रांधलेले अन्न पोटात गेल्याने मनाला इजा होते, असे राज्यसंस्थेने मान्य करावे, ही त्या तक्रारीतली खरी मागणी होती. विटाळाला दंड विधानाचे संरक्षण मागणारा हा अर्ज होता. आणि तो ज्या राज्यसंस्थेकडे केला तिच्या संविधानात अनुच्छेद १७ आहे!

धर्मस्वातंत्र्याचे काय, असे काही मित्र तेव्हाही विचारत होते. अनुच्छेद २५ सगळेच सांगतात, पण त्याची सुरुवात कुणी वाचत नाही. ते स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदी यांच्या अधीन आहे. त्या इतर तरतुदींत अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ येतो. ज्यांना सोवळे पाळायचे आहे त्यांनी ते खुशाल पाळावे. पहाटे उठावे, ओलेत्याने चूल पेटवावी, पुरणाचा घाट स्वतः घालावा. कुणीही अडवलेले नाही. सोवळे आपले आणि घाम दुसऱ्याचा, हा व्यवहार मात्र पोलिसांच्या बंदोबस्तात चालवता येणार नाही.

पुण्याला हा वाद नवा नाही. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तेव्हा पाणी कुणाच्या हाताचे हाच प्रश्न होता. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा प्यायल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले, शंकराचार्यांकडे प्रकरण गेले, प्रायश्चित्ताची चर्चा वर्ष-दोन वर्षे गाजली. पण एक फरक बघा. १८९० साली शिक्षा ज्याने खाल्ले-प्यायले त्याला होती आणि ती देणारे धर्मपीठ होते. २०१७ साली शिक्षा मागितली गेली ती जिने रांधले तिला, आणि ती देणारे होते सरकारी ठाणे. याला प्रगती म्हणायचे काय?

या प्रकरणात आणखी एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. आरोपी केलेली बाई मराठा समाजातली असल्याचे वर्तमानपत्रांत आले, म्हणून मराठा संघटना रस्त्यावर उतरल्या. उतरायलाच हवे होते. पण त्या जागी मातंग किंवा बौद्ध बाई असती तर? ती तिथवर पोचलीच नसती. आमच्या बायकांना बहुधा मागच्या बाजूची कामे मिळतात. संडास-बाथरूम, फरशी, भांडी. ओट्यापासून सुरू होणारी हद्द त्यांना सहसा ओलांडता येत नाही. केरफरशीपेक्षा स्वयंपाकाला पैसे अधिक मिळतात हे प्रत्येक कामवालीला ठाऊक असते. म्हणजे विटाळाचा हा हिशोब केवळ मानाचा नाही, तो महिन्याच्या पगाराचा आहे. जातिव्यवस्था श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच वाटणी करते, असा युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ साली केला होता. तो समजून घ्यायला ग्रंथालयात जायची गरज नाही, एका फ्लॅटमधल्या तीन कामवाल्यांचे पगार विचारून पाहावेत.

कायदा काय करू शकतो? वकील म्हणून खोटी आशा मी दाखवणार नाही. घराच्या आत कायद्याचा हात आखूड पडतो. तरी तो अगदीच नाही असे समजू नये. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला नोकरी-धंद्यात अडथळा आणणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम १२ नुसार बाधित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते, तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर पडतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्यात आर्थिक बहिष्काराची व्याख्या आली आणि मोलाने काम देण्या-घेण्यास नकार व सेवा पुरवण्याची संधी नाकारणे या गोष्टी तिच्यात धरल्या गेल्या. बौद्धांना अनुसूचित जातीच्या यादीत १९९० च्या दुरुस्तीने स्थान मिळाले आहे, त्यामुळे धर्मांतर केले म्हणून हे संरक्षण जात नाही. ज्या भगिनींना अजून कुणी उलटे सांगते त्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे.

अडचण पुराव्याची आहे. दारात "आम्हाला बाई मिळाली हो" एवढे म्हटले की विषय संपतो. पण आता सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत, काम देणाऱ्या एजन्सींचे फॉर्म आहेत, आणि तिथे लोक बिनधास्त लिहितात. अमुक वस्तीतली नको, तमुक धर्माची नको. जे पूर्वी कुजबुजत बोलले जायचे ते आता तारीख-वेळेसह लिहिलेले सापडते. असा मजकूर हाती आला तर तो जपून ठेवा, फोन बदलू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडायला वकिलाला सांगा. त्यावाचून स्क्रीनशॉट न्यायालयात टिकवणे कठीण.

मुस्लिम भगिनीला मात्र यातले काहीच लागू नाही. खासगी नोकरीत धर्मावरून डावलणे हा गुन्हा ठरवणारा सर्वसाधारण कायदा या देशात नाही. समानतेवरचे एक खासगी विधेयक लोकसभेपुढे आले होते, ते तसेच विरून गेले.

आणि घरकामगार म्हणून जो कायदा आहे तो? त्यासाठीसुद्धा बायकांनाच रस्त्यावर यावे लागले. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणी उत्स्फूर्तपणे संपावर गेल्या. लाल निशाण पक्षाच्या लीला भोसले यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या आणि पुणे शहर मोलकरीण संघटना जन्माला आली. पगारवाढ, हक्काची सुट्टी, दिवाळीचा बोनस हे शब्द पुण्याच्या वाड्यांत आणि फ्लॅटमध्ये या बायकांनी आणले. पुढे २००८ साली महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम झाला. १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंदणी, काही कल्याणकारी मदत, एवढा त्याचा आवाका. पगार किती असावा, रजा किती, जात विचारावी की नाही, यावर तो काही बोलत नाही, आणि मंडळही बराच काळ नावापुरतेच राहिले. २०२१ मध्ये कोरोनाच्या निर्बंधकाळात सरकारने नोंदणीकृत घरेलू कामगारांना १५०० रुपये जाहीर केले. ज्यांची नोंदणी नव्हती त्या कोरड्याच राहिल्या, आणि ज्यांनी कधी आडनाव लपवले होते त्या कागदावर खरे नाव लिहायलाच घाबरत होत्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, मान्यता मात्र दिलेली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासायला समिती नेमण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. अशी चौकट कधी तयार झालीच तर कामावर घेताना जात-धर्म विचारण्यास मनाई करणारी एक ओळ तिच्यात असली पाहिजे, ही मागणी संघटनांनी आतापासून लावून धरावी.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. हा भाग काहींना झोंबेल.

हडपसरच्या नव्या इमारतींत आपलीही माणसे आहेत. बँकेत अधिकारी, महाविद्यालयात प्राध्यापक, कंपनीत अभियंते. त्यांनाही कामाला बाई लागते. बाई येते, पगार ठरतो, दोन दिवस काम करते आणि दिवाणखान्यातला बाबासाहेबांचा फोटो नीट पाहिल्यावर तिसऱ्या दिवशी येत नाही. फोन केला तर "घरचे नको म्हणतात" असे उत्तर. स्वतः चार घरची उष्टी काढणाऱ्या बाईलाही आपल्याकडची भांडी नकोशी होतात, कारण तिच्या जातीच्या पायरीखाली कुणीतरी आहे हेच तिचे उरलेसुरले भांडवल असते. तिचा राग येतो, पण हा रोग तिने निर्माण केलेला नाही. यावर आपल्या काही घरांनी शोधलेला उपाय मात्र मला लज्जास्पद वाटतो. बुद्धाची मूर्ती दिवाणखान्यात, कारण ती आजकाल सगळ्यांच्याच घरी शोभेला असते, आणि बाबासाहेब आतल्या खोलीत. मालकीण कामवालीपासून जात लपवते आणि कामवाली मालकिणीपासून. एकाच छपराखाली दोन बौद्ध बायका एकमेकींना कुंकू लावून फसवत राहतात, असेही घडलेले मी ऐकले आहे.

आणि जिथे असे काही लपवलेले नाही तिथे सगळे आलबेल आहे काय? आपल्याही घरांत कामवालीचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला मी पाहिला आहे. खाडे कापताना आपणही कॅलेंडरवर रेघा मारतो. विहारात समतेवर व्याख्यान देणाऱ्या गृहस्थांच्या घरची बाई सुट्टीशिवाय बारा महिने राबते.

भेकराईनगरच्या बाजूला राहणाऱ्या एका बौद्ध शिक्षक दाम्पत्याने मात्र वेगळे केले. दोन बायका फोटो पाहून सोडून गेल्यानंतर तिसरी आली, लातूरकडची. तिने फोटो पाहिला, थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, आमच्या घरीबी हाये ह्यो. पर बाकीच्या चार घरात मी सांगत न्हाई." त्या ताईंनी तिच्याबरोबर बसून एका कागदावर सगळे लिहिले. काम कोणते, वेळ किती, पगार किती, महिन्याला दोन पगारी सुट्ट्या, दिवाळीला एका महिन्याचा बोनस, १४ एप्रिल आणि १ जानेवारी सुट्टी. तिच्या मंडळाकडच्या नोंदणीसाठी ती आपल्याकडे काम करते असे पत्रही दिले. कागदाच्या दोन प्रती केल्या, दोन्हींवर दोघींच्या सह्या. तिची प्रत तिने रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आहे, आणि उरलेल्या चार घरांपैकी एका घरात तोच कागद दाखवून तिने मार्चमध्ये पगारवाढ मागितली.